चाकूच्या मुठीसाठी बर्ल: निवडणं, चिरणं आणि वाळवणं

बर्लचा, म्हणजे झाडावर येणाऱ्या फुगवट्याच्या लाकडाचा, तुकडा विकत घेताना नजर आधी नक्षीवर जाते, आणि जावीच; पैसे तिचेच मोजायचे असतात. पण मूठ दोन वर्षांनी कशी असेल, तिला तडा जाईल का, लाकूड जखडणाऱ्या धातूच्या पिनेजवळ टवका उडेल का, पोलादाची कड तळहाताला बोचू लागेल का, हे नक्षीवरून कळत नाही. ते तीन गोष्टींवर ठरतं: लाकडात पाणी किती आहे, लाकूड किती भरीव आहे आणि ते कोणत्या दिशेने चिरलं आहे. या तिन्ही गोष्टी तपासता येतात, आणि त्यासाठी लागणारं मुख्य साधन म्हणजे एका ग्रॅमचाही फरक दाखवणारा वजनकाटा.

बर्लच्या आत काय असतं

झाडाच्या खोडावर, फांदीवर किंवा बुंध्याशी जमिनीखाली कधी कधी मोठा फुगवटा येतो, तोच बर्ल. फांदी फुटते तिथल्या साध्या गाठीपेक्षा हा वेगळा. बर्लमध्ये असंख्य सुप्त कळ्या असतात. त्यांतली एखादीही धड फांदी होत नाही, पण झाड दरवर्षी त्यांच्याभोवती नवं लाकूड चढवत जातं आणि कळ्याही त्या लाकडाबरोबर बाहेर सरकत राहतात. जखम, बुरशी, कीड अशा त्रासातून अनेक झाडांवर बर्ल येतात. काही जातींत मात्र तो वाढीचा नेहमीचाच भाग असतो. किनारी रेडवुड आणि मॅली प्रकारची, म्हणजे जमिनीतूनच अनेक खोडं फुटणारी, निलगिरी यांच्या बुंध्याशी असा गड्डा असतो, आणि वणव्यात वरचं झाड जळलं तरी त्यातून नवे कोंब येतात.

प्रत्येक कळीचा माग म्हणजे आतून सालीकडे जाणारा एक बारीक, टोकदार खुंट. चांगल्या मेपल बर्लची साल सोलली की खाली साळिंदराच्या काट्यांसारखी टोकं उभी दिसतात. हे काटे आडवे कापले गेले की पृष्ठभागावर गोल ‘डोळे’ दिसतात. लांबीच्या दिशेने कापले गेले की तेच काटे रेघा, फराटे किंवा ज्वाळा होऊन दिसतात. एकाच बर्लमधून दोन्ही प्रकारची नक्षी निघते. कोणती निघेल ते फक्त करवतीच्या दिशेवर अवलंबून असतं. पुढचं सगळं समजायला हे एक वाक्य पक्कं लक्षात ठेवावं.

या रचनेचे परिणाम फायद्याचेही आहेत आणि तोट्याचेही. तंतू एकमेकांत गुंतलेले असल्याने बर्ल सरळ लाकडासारखा उभा फाटत नाही. पण लांब सलग तंतू नसल्याने पातळ भाग सहज तुटतो: भोकाची कड, पट्टीचं पुढचं निमुळतं टोक, कोपरे. शिवाय तंतूंची तोंडं सर्व बाजूंना उघडी असतात. साधी फळी मुख्यतः दोन टोकांतून पटकन पाणी सोडते. बर्लचा ठोकळा सहाही बाजूंनी सोडतो, आणि प्रत्येक जागी वेगळ्या दिशेने आकसतो. म्हणून तो वाकतो, पिळतो, कधी पृष्ठभागावर लाटा येतात.

बर्ड्सआय मेपल, वाघपट्ट्यांचं कर्ली मेपल, गडद ठिपक्यांचं कारेलियन बर्च ही लाकडं बर्ल म्हणून खपवली जातात. ती सुंदरच आहेत, पण बर्ल नाहीत. त्यांत तंतूंची एक मुख्य दिशा शिल्लक असते, त्यामुळे ती लांबीच्या दिशेने अधिक मजबूत असतात आणि त्यांना चिरण्याचे नियमही वेगळे.

मऊ कोणते, भरीव कोणते

मुठीसाठी येणाऱ्या बर्लचे ढोबळमानाने दोन गट करावेत. पहिल्या गटात मेपल, बॉक्स एल्डर, बकआय, रेडवुड, पॉपलर. हे हलके, सच्छिद्र आणि मऊ. बॉक्स एल्डरमधल्या लाल-गुलाबी रेघा आणि बकआयमधला निळा-करडा रंग पाहून मोह होतो, पण हे लाकूड तसंच मुठीला लावलं तर नखाने खूण पडते, घाम आणि तेल शोषून ते मळकट होतं. या गटाला रेझिन, म्हणजे लाकडात मुरून घट्ट होणारा द्रव, पाजून स्थिर करणं, म्हणजे स्टॅबिलाइझ करणं, जवळजवळ सक्तीचं समजावं.

दुसऱ्या गटात वाळवंटी आयर्नवुड, मॅली आणि इतर ऑस्ट्रेलियन निलगिरींचे बर्ल. आयर्नवुडचं सुकं लाकूडही पाण्याच्या घनतेच्या अगदी जवळ जातं. त्यात रेझिन शिरायला जागाच फारशी नसते आणि त्याची गरजही नसते. भूमध्य सागराच्या परिसरातलं ब्रायर याच बाजूचं. तंबाखूचे पाइप बनवणारे ते आधी कित्येक तास उकळून त्यातला रस काढतात, त्यामुळे पाइपसाठी तयार केलेले ठोकळे मुठीलाही उत्तम चालतात.

मधे अक्रोड, अंबोयना आणि मोरोक्कोचं थुया. अक्रोड स्थिर करून घेतलेला बरा, विशेषतः स्वयंपाकघरातल्या सुरीसाठी. अंबोयना आणि थुया यांत नैसर्गिक तेलं असतात. ती रेझिन घट्ट होण्याच्या आड येतात, म्हणून ही लाकडं नीट वाळवून, तशीच वापरणं अधिक भरवशाचं. रंगाबद्दलही एक गोष्ट आधीच माहीत असावी: बॉक्स एल्डरचा लाल आणि अंबोयनाचा केशरी रंग उजेडात हळूहळू तपकिरीकडे झुकतो. फिनिश कोणतंही असो, हा बदल लांबतो, थांबत नाही.

विकत घेताना

माप आधी ठरवा. पात्याचा मुठीत जाणारा भाग, म्हणजे टँग, पूर्ण रुंदीचा आणि दोन्ही बाजूंनी पट्ट्या लावायच्या असतील, तर प्रत्येकी १३० × ४० × १० मिलिमीटरच्या दोन पट्ट्या बहुतेक सुऱ्यांना पुरतात. मधला भाग फुगीर हवा असेल तर १२ मिलिमीटर जाडी घ्यावी. टँग बारीक असून ठोकळ्यात आत जाणार असेल, तर १३० × ४० × ३० मिलिमीटरचा ठोकळा. लांबीत काटकसर करू नये. टोकाशी तडा निघाला तर १० मिलिमीटर कापून टाकायला जागा हवी.

फोटोवरून घेत असाल तर सहाही बाजूंचे फोटो मागा. विक्रेते लाकूड पाण्याने किंवा स्पिरिटने ओलं करून फोटो काढतात. त्यात लबाडी नाही, तयार मूठ साधारण तशीच दिसते. पण ओल्या पृष्ठभागावर बारीक चिरा लपतात, म्हणून एक फोटो कोरडा मागावा. दोन रुंद बाजूंवर भरगच्च डोळे आणि अरुंद बाजूंवर सरळ साध्या रेषा दिसत असतील, तर नक्षीचा थर पातळ आहे. पट्ट्यांसाठी ते चालेल; ठोकळ्याच्या मुठीत चारही बाजू दिसतात, तिथे चालणार नाही.

काळ्या जागा दिसल्या तर त्या काय आहेत ते ओळखा. आत अडकलेली साल भुसभुशीत असते, टोचणीचं टोक सहज आत जातं. ती रेझिनने किंवा पातळ सुपरग्लूने पक्की करता येते, पण पिनेच्या भोकापासून आणि कडेपासून किमान ६ मिलिमीटर लांब असेल तरच तो तुकडा घ्यावा. गोल, एक-दोन मिलिमीटरची स्वच्छ भोकं आणि त्यातून गळणारी पिठासारखी भुकटी म्हणजे भुंगेऱ्यांची कीड. तो ठोकळा इतर लाकडाजवळही ठेवू नये. किडीसाठी लाकडाचा गाभा ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवतात, आंतरराष्ट्रीय व्यापारातल्या लाकडी खोक्यांनाही हाच नियम आहे.

आता वजनाचा हिशोब. १३० × ४० × ३० मिलिमीटरच्या ठोकळ्याचं आकारमान १५६ घन सेंटिमीटर. साधं वाळलेलं मोठ्या पानांचं मेपल एका घन सेंटिमीटरला साधारण ०.५५ ग्रॅम भरतं, म्हणजे ठोकळा सुमारे ८५ ग्रॅम. बर्लचा थोडा जास्त. नीट स्थिर केलेला मेपल बर्ल १५० ग्रॅमच्या आसपास किंवा वर जातो. विक्रेता ‘स्टॅबिलाइझ्ड’ म्हणतो आणि ठोकळा १०५ ग्रॅमच भरतो, तर रेझिन फक्त वरच्या थरात गेलं आहे, किंवा मुळीच गेलेलं नाही. रंगवलेल्या ठोकळ्यांत हे विशेष पाहावं. रंग आतपर्यंत पोहोचला आहे का हे टोकाची दोन मिलिमीटर चकती कापली की लगेच कळतं.

पण वजनाची एक फसगत आहे. ओलं लाकूडही जड असतं. वजनावरून १५० ग्रॅमचा ठोकळा रेझिनने जड आहे की पाण्याने, हे एका मोजणीत कळत नाही. तो आठवडाभर उघड्यावर ठेवून पुन्हा मोजा. रेझिनवाल्या ठोकळ्याचं वजन तसंच राहतं, ओल्याचं उतरत जातं. आणि ठोकळ्यावर सर्व बाजूंनी मेणाचा जाड थर असेल, तर तो ओलाच आहे असं धरून चालावं. लेथवर भांडी करणाऱ्यांसाठी असे ठोकळे मुद्दाम ओले विकतात. तो घ्यायला हरकत नाही, पण तो वापरायला महिने लागणार हे त्याच्या किमतीत दिसलं पाहिजे.

ओलावा मोजणारं दोन सुयांचं मीटर बर्लवर अर्धवटच उपयोगी. ते पृष्ठभागाजवळचं पाणी सांगतं, त्याची मापं सरळ लाकडावर बसवलेली असतात, आणि रेझिन पाजलेल्या लाकडावर तर त्याच्या आकड्याला काहीच अर्थ नाही. काटा अधिक खरा.

लाकूड कुठून आलं हेही विचारा, आणि उत्तर टाळलं गेलं तर घेऊ नका. बर्ल चोरीला जातात. अमेरिकेतल्या रेडवुड राष्ट्रीय व राज्य उद्यानांमध्ये जिवंत, शेकडो वर्षं जुन्या झाडांचे बर्ल चेनसॉने कापून नेण्याचे प्रकार इतके वाढले, की २०१४ मध्ये तिथला एक निसर्गरम्य रस्ता रात्री बंद ठेवावा लागला. अशा जखमेने झाड रोगाला उघडं पडतं आणि पुन्हा फुटण्याची त्याची ताकदही जाते. शिसवाच्या डालबर्जिया वंशातल्या सर्व जाती २०१७ पासून साइट्स या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या, कराराच्या परिशिष्टांत आहेत. देशाच्या सीमा ओलांडताना त्यांना कागदपत्रं लागू शकतात. पडलेल्या किंवा परवान्याने तोडलेल्या झाडाचा बर्ल भरपूर मिळतो. तोच घ्यावा.

अख्खा बर्ल चिरताना

अख्खा बर्ल घेतला तर निम्म्याहून कमी लाकूड मुठीच्या मापाचं निघेल, असं धरूनच हिशोब करावा. साल, पोकळ्या, आतला साधा गाभा आणि करवत खाते तो भाग यात बरंच जातं.

पहिलं काम सफाई. बुंध्याशी वाढलेल्या बर्लमध्ये माती आणि खडे लाकडात गिळले गेलेले असतात. तारेच्या ब्रशने आणि पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने ते काढा, मग हातातला धातुशोधक सगळीकडे फिरवा. एक खिळा बँडसॉचं, म्हणजे फिरत्या पट्टीच्या यांत्रिक करवतीचं, पातं संपवतो. सैल साल उचकटून काढा, कारण तिच्याखालच्या काट्यांची दिशा बघूनच पुढचा निर्णय घ्यायचा आहे.

खोडाच्या एका बाजूला आलेल्या बर्लचा आकार बहुधा अर्ध्या गोलाचा असतो: मागे कापलेली सपाट बाजू, पुढे फुगवटा. काटे आतून फुगवट्याकडे पसरतात. सपाट बाजूला समांतर फळ्या पाडल्या तर मधल्या भागात काटे आडवे कापले जाऊन गोल डोळे मिळतात. त्याच फळीच्या कडांना मात्र काटे तिरके येतात आणि डोळे लांबट होतात. म्हणून फुगवटा मोठा असेल तर आधी मधला पट्टा समांतर कापून घ्यावा आणि दोन्ही बाजूंचे तुकडे वळवून, त्यांच्या त्यांच्या सालीला समांतर चिरावे. थोडं लाकूड वाया जातं, पण डोळे सगळीकडे गोल राहतात. ज्वाळांची नक्षी हवी असेल तर याच्या काटकोनात, सालीकडून आतल्या दिशेने चिरायचं. सर्वांत दाट नक्षी बहुतेक वेळा सालीजवळच्या थरात असते. खोडाजवळचं लाकूड साधं होत जातं. त्यामुळे पहिलाच काप जाड घेऊन बाहेरचा थर ‘कचरा’ म्हणून टाकू नका.

मोठा तुकडा चेनसॉने दोन-तीन भागांत करा आणि त्याला एक सपाट बाजू द्या. गोल तुकडा नुसता बँडसॉच्या टेबलावर कधीही ठेवू नये. पातं खाली ओढतं, तुकडा गरकन फिरतो आणि हाताला आत नेतो, पातंही तुटतं. सपाट बाजू मिळेपर्यंत तो प्लायवूडच्या फळीवर स्क्रूने घट्ट बसवून, फळीसकट सरकवावा. स्क्रू करवतीच्या वाटेत नाही ना, हे आधी खडूची रेघ मारून पाहावं.

दीडशे मिलिमीटर उंचीचा काप घ्यायला १२ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद पातं, इंचाला ३ ते ४ दात. एवढे कमी दात लागतात कारण उंच कापात भुसा साठवायला दातांमध्ये जागा हवी; जास्त दातांचं पातं भुश्याने भरतं, तापतं आणि भरकटतं. नंतर ३० ते ४० मिलिमीटरच्या ठोकळ्यांचे तुकडे करताना इंचाला ६ दातांचं पातं चालेल. बर्लमध्ये रेषा सतत दिशा बदलतात, डोळे आजूबाजूच्या लाकडापेक्षा टणक असतात, म्हणून पातं एरवीपेक्षा जास्त भरकटतं. ताण पुरेसा ठेवा, पातं नवं वापरा, ढकलण्याचा वेग निम्मा करा. फळीच्या पोटात फुगवटा आला तर बहुतेक वेळा पातं बोथट आहे. जोर लावून ते सरळ होणार नाही.

ओल्या बर्लमधून काढताना मापात वाढ ठेवा. ३० मिलिमीटरचा ठोकळा हवा असेल तर ३५, ४० चा हवा असेल तर ४६. आकसणं, वाकणं आणि नंतर सपाट करणं या तिन्हींत ही वाढ जाते. कापलेल्या प्रत्येक तुकड्यावर लगेच क्रमांक आणि बाहेरची बाजू दाखवणारा बाण लिहा, जोड्या दोरीने बांधून ठेवा. वाळल्यावर शेजारचे दोन तुकडे ओळखता येत नाहीत.

जोडी जुळवणं

ठोकळा मधोमध चिरला की उघडलेल्या दोन बाजू एकमेकींची आरशातली प्रतिमा असतात. याला बुकमॅच म्हणतात, आणि अशा पट्ट्यांची किंमत जास्त असते. पण ही जुळणी तयार मुठीत टिकते का, याचं गणित करून पाहावं. करवत १ मिलिमीटर खाते. दोन्ही बाजू सपाट करताना अर्धा-अर्धा मिलिमीटर जातो. म्हणजे दोन पृष्ठभाग आधीच २ मिलिमीटर दूर गेले. मग मुठीला गोलाई देताना कडांशी प्रत्येक बाजूने आणखी ३ मिलिमीटर घासले जातात: एकूण ८ मिलिमीटर. काटे पृष्ठभागाला लंब असतील तर ८ मिलिमीटर आतही डोळा जवळपास तिथेच सापडतो. काटे ४५ अंशांत तिरके असतील तर डोळा तेवढाच, ८ मिलिमीटर, सरकलेला असतो आणि जुळणी दिसेनाशी होते. म्हणून बुकमॅच पट्ट्या घेताना त्यांची अरुंद बाजू बघा. तिथे रेघा उभ्या, पट्टीच्या जाडीच्या दिशेने जात असतील तरच जास्त पैसे द्या.

पट्टीवर मुठीची जागा ठरवायला पुठ्ठ्यात मुठीच्या आकाराची खिडकी कापावी आणि ती लाकडावर फिरवून पाहावी. बाकीचं लाकूड झाकलं गेल्याने डोळा फसत नाही. दाट डोळे तळहातात भरणाऱ्या फुगीर भागात यावेत, आणि पात्याजवळचं पुढचं टोक, जिथे पट्टी पातळ असते आणि पहिली पिन येते, तिथे शांत, सलग लाकूड यावं. सुंदर भाग पुढे नेण्याचा मोह होतो. तिथेच टवके उडतात.

वाळवणं

ओले ठोकळे कापल्या कापल्या, त्याच दिवशी, मेणाच्या द्रावणाने सर्व बाजूंनी रंगवा. साध्या लाकडाची फक्त टोकं रंगवतात, बर्लचं सगळं अंग. बाहेरचा थर आधी वाळून आकसला आणि आतला ओलाच राहिला की बाहेर तडे जातात. मेण ही तफावत कमी करतं. ठोकळे सावलीत, खाली-मध्ये पातळ पट्ट्या घालून रचावेत, पंख्याच्या थेट वाऱ्यात नाही.

पंचवीस मिलिमीटर जाडीला एक वर्ष हा जुना ठोकताळा, पण त्यावर विसंबण्यापेक्षा ठोकळ्यावर तारीख आणि वजन लिहीत जावं. दीडशे ग्रॅमचा ठोकळा महिन्याभरात एक ग्रॅमही उतरला नाही, तर तो भोवतालच्या हवेशी बरोबरीला आला. ही बरोबरी हवेप्रमाणे वेगळी असते: सापेक्ष आर्द्रता ५० टक्के असेल तर लाकडात सुमारे ९ टक्के पाणी राहतं, ८० टक्के असेल तर सुमारे १६ टक्के. ही टक्केवारी कोरड्या लाकडाच्या वजनावर काढतात. दमट जागी ‘वाळलेलं’ लाकूड कोरड्या जागी गेलं की पुन्हा आकसतं, म्हणून मूठ जिथे वापरली जाणार त्या हवेत पट्ट्या दोन-तीन आठवडे ठेवून मगच चिकटवाव्यात.

रेझिन पाजणं

उष्णतेने घट्ट होणारं पातळ रेझिन, निर्वात पात्र आणि पंप मिळाला तर हे काम घरगुती कार्यशाळेतही होतं. मोठ्या कारखान्यात निर्वातानंतर दाबही देतात, त्यामुळे टणक लाकडातही रेझिन खोल जातं. घरी ते जमत नाही, म्हणून घरी फक्त मऊ गट करावा.

पाण्याबाबत इथे तडजोड नाही. आधी हवेत वाळवलेले ठोकळे १०० ते १०५ अंशांच्या भट्टीत चोवीस तास, वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवतात. मग बंद पिशवीत थंड करतात, कारण उघड्यावर ते पुन्हा हवेतलं पाणी ओढतात आणि गरमच टाकले तर पात्रातलं रेझिन घट्ट होऊ लागतं. ठोकळे वजनाखाली दाबून पूर्ण बुडवायचे, वर काही सेंटिमीटर रेझिन राहील असं. पंप सुरू केल्यावर फेस येतो, मग बुडबुडे मंदावतात. ते जवळपास थांबेपर्यंत पंप चालू राहिला पाहिजे. मेपलला कधी कधी एक अख्खा दिवस लागतो. बुडबुडे निघतात ते हवेचे. रेझिन मुख्यतः पंप बंद करून हवा आत सोडल्यावर शिरतं. म्हणून पंप जितके तास चालला त्याच्या दुप्पट वेळ ठोकळे रेझिनमध्येच ठेवावेत. ही पायरी घाईने उरकली की मधोमध कोरडा पट्टा राहतो, आणि तो मूठ घासताना नको त्या वेळी उघडा पडतो.

नंतर ठोकळे अॅल्युमिनियमच्या पातळ कागदात गुंडाळून सुमारे ९० ते ९५ अंशांवर घट्ट करतात. भट्टीचा नव्हे, ठोकळ्याच्या गाभ्याचा पारा तिथे पोहोचायला हवा. ३० मिलिमीटरच्या ठोकळ्याला दोन तास तरी लागतात. लाकडात पाणी उरलं असेल तर त्याची वाफ रेझिनला बाहेर ढकलते आणि आतलं चिकटच राहतं. स्वयंपाकाची भट्टी यासाठी वापरू नये, आणि खोलीत हवा खेळती हवी.

रेझिन पाजलं म्हणजे लाकूड प्लास्टिक झालं असं नाही. ते कमी हलतं, कमी पाणी पितं, चांगली चकाकी घेतं. भांडी धुण्याच्या यंत्रात मात्र तेही टिकत नाही.

भोक पाडणं, चिकटवणं, घासणं

चिकटणारी बाजू काचेवर किंवा ग्रॅनाइटच्या फरशीवर १२० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून सपाट करा. पेन्सिलच्या रेघा सगळीकडे सारख्या पुसल्या गेल्या की झालं. तेलकट लाकूड चिकटवण्याच्या अगदी आधी अॅसिटोनने पुसा. भोक पाडताना पट्टीखाली टाकाऊ लाकूड घट्ट दाबलेलं हवं, नाहीतर ड्रिल बाहेर पडताना मागच्या बाजूचा टवका घेऊन जातं. ड्रिल नवं, दाब हलका, भुसा वारंवार बाहेर काढायचा. रेझिनवालं लाकूड तापलं की भुसा चिकट होऊन भोकात रुततो. भोक पिनेपेक्षा ०.१ मिलिमीटर मोठं असावं. ठोकून बसणारी पिन बर्लला आतून ताणते, आणि तडा त्या क्षणी नाही, काही महिन्यांनी दिसतो.

सावकाश घट्ट होणारं इपॉक्सी घ्यावं आणि शिकंजा पट्ट्या टेकतील एवढाच आवळावा. जास्त आवळलं की सगळं इपॉक्सी बाहेर येतं आणि सांधा उपाशी राहतो. टँग आणि पट्टी यांच्यामध्ये ०.८ मिलिमीटरचा व्हल्कनाइझ्ड फायबरचा, म्हणजे कडक केलेल्या जाड कागदासारख्या पत्र्याचा, थर दिला तर लाकडाची बारीकसारीक हालचाल तो सोसतो. ओकसारख्या टॅनिन (तुरट द्रव्य) असलेल्या बर्लला तो द्यावाच, कारण ओलाव्यात टॅनिन आणि लोखंड भेटले की लाकडावर निळा-काळा डाग पसरतो.

घासताना दोन गोष्टी बिघडतात. पहिली उष्णता: बोटांना चटका जाणवला तर लाकूड आधीच जास्त तापलं आहे. आयर्नवुडसारख्या भरीव लाकडात केसासारख्या चिरा पडतात त्या इथेच. बेल्ट नवे वापरा, मधे मधे थांबा. दुसरी, डोळे टणक आणि भोवतालचं लाकूड मऊ असल्याने नुसत्या हाताने पेपर फिरवला तर मऊ भाग जास्त घासला जाऊन लाटा उठतात. पेपरामागे कडक रबराचा किंवा लाकडाचा तुकडा हवा, निदान २२० नंबरपर्यंत तरी. पुढे ४००, ६००, ८००. बारीक छिद्रं पातळ सुपरग्लूने भरायची, मोठी पोकळी काळ्या रंगाच्या इपॉक्सीने. त्यात लाकडाचा भुसा मिसळला तर तो तपकिरी चिखलासारखा दिसतो आणि दुरूनही कळतो. स्थिर केलेल्या लाकडाला मेण लावून बफ, म्हणजे कापडी चाकावर चकाकवणं, पुरे. साध्याला तुंग तेलाचे पातळ हात द्यावे, आणि तेलाच्या चिंध्या चुरगळून ठेवू नयेत. त्या आपोआप पेट घेऊ शकतात, म्हणून पाण्यात बुडवून मगच टाकायच्या.

लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मानवात कर्करोग घडवणाऱ्या पहिल्या गटात ठेवली आहे. थुया आणि अंबोयना यांच्या धुळीने त्वचेला व श्वासाला ॲलर्जीही होते. कापडी मास्क इथे कामाचा नाही. बारीक कण अडवणारा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क आणि धूळ ओढणारं यंत्र, दोन्ही लागतात.

मूठ तयार झाल्यावर पहिल्या वर्षात पोलादाची कड लाकडापेक्षा वर आलेली बोटाला जाणवली, तर पट्ट्या चिकटवताना लाकूड पुरेसं वाळलेलं नव्हतं. पट्ट्या काढायची गरज नसते. मूठ कोरड्या हवेच्या मोसमात दोन महिने राहू द्यावी, कड आणखी वर येत नाही असं दिसलं की ४०० नंबरच्या पेपराने लाकूड आणि पोलाद एकत्र घासून पुन्हा एका पातळीत आणावं. त्याआधीच घासलं तर तेच काम दुसऱ्यांदा करावं लागतं. कड खाली गेली, म्हणजे लाकूड फुगून वर आलं, तर मुठीत कुठून तरी पाणी जात आहे. तेव्हा आधी पिनांभोवतीची आणि पुढच्या टोकाची फट भिंगातून तपासावी.